ग्लेनिसबाईंची रांग

"माणसाच्या पोटातलं मत ओठांवर आणावं ते मीच!" ग्लेनिस ऑलरेनशॉ अख्ख्या ब्रॅडक्लफला वर्षानुवर्षं हे ऐकवत आली होती. बाई जनमत चाचणीवाली. हातात पॅड, गळ्यात ओळखपत्र आणि तोंडावर असलं हसू, की समोरच्याला वाटावं, आता ही आपल्या गळ्यात विमा मारणार! त्यामुळे ती दिसली की अर्धं गाव रस्ता ओलांडायचं. उरलेलं अर्धं फोन कानाला लावायचं, बंद पडलेला असला तरी!

त्या शुक्रवारी मात्र प्रकरण गळ्याशी आलं होतं. सकाळीच लंडनहून ट्रिस्टनसाहेबाचा फोन.

"ग्लेनिस, संध्याकाळी मी स्वतः येतोय. पाचच्या आत चाळीस लोकांची मतं हवीत. नाही जमलं तर हे काम इंटरनेटवर करून घेऊ. मग तुला घरी बसायला मोकळीक!"

"चाळीस? अरे, पन्नास देते!" ग्लेनिस तोऱ्यात म्हणाली आणि लगेच गाल धरला. दाढ! वर्षभर ठणकत होती. गावातला सरकारी दातांचा डॉक्टर निवृत्त झाला तो झालाच. तेव्हापासून ब्रॅडक्लफकर दातदुखी पावसासारखी मुकाट सोसत होते.

दुपारपर्यंत मतं जमली किती? तीन! त्यातला एक तर संडास कुठे आहे हे विचारायला आला होता. वरून पावसाची भुरभुर. शेवटी बाई बाजारातल्या एका बंद दुकानाच्या दारात आडोशाला शिरल्या. तिथे नॉर्मन हॅस्लम नावाचे पेन्शनर आजोबा आयतेच तावडीत सापडले.

"आजोबा, जन्मसाल सांगा. पोस्टकोड? दातांच्या डॉक्टरकडे शेवटचे कधी गेला होतात?" चाचणी आरोग्यसेवेवर होती, तेव्हा प्रश्न तसेच.

आजोबा आठवत होते तेवढ्यात एक बाई येऊन, दोन हात अंतर राखून, त्यांच्यामागे गप उभी राहिली. आणि ब्रॅडक्लफमध्ये एकामागे एक दोन माणसं दिसली की तिसरा आपोआप उभा राहतो. कशासाठी, हे विचारणं म्हणजे निव्वळ असभ्यपणा! चौथ्याला राहवलं नाही, त्यानं कुजबुजत विचारलंच.

"दातांच्या डॉक्टरचं दिसतंय," तिसरा म्हणाला. "नावं घेतायत."

झालं! वणवा परवडला! बघता बघता रांग खाटकाच्या दुकानावरून बेकरीपाशी गेली. तिथे गाड्यांना वाट हवी म्हणून सभ्यपणे तुटली आणि कोपऱ्यापलीकडे पुन्हा सुरू होऊन पार चर्चला भिडली.

ग्लेनिसला मात्र गगन ठेंगणं झालं. आली! शेवटी गावाला आपली किंमत कळून आली!

"सरकारच्या आरोग्यसेवेबद्दल समाधानी आहात?"

"अत्यंत!" गाल बटाट्यासारखा सुजलेल्या बाई म्हणाल्या.

"राजकारण्यांवर विश्वास?"

"देवापेक्षा जास्त! चालेल ना हे उत्तर?"

"छान आहे हो!"

मागच्यांनी ते ऐकलं आणि पाठ केलं. कुणी राजाला उदंड आयुष्य मागितलं, कुणी कर वाढवा म्हणून गळ घातली. एकानं तर खासदाराला देवमाणूस म्हटलं आणि स्वतःच शरमून खाली बघितलं. साडेचारला पॅडवर छत्तीस मतं!

तेवढ्यात फोन वाजला. नणंद, बेरिल.

"वहिनी, कुठे तडमडली आहेस? चर्चपाशी ये! दातांचा डॉक्टर आलाय, नवे पेशंट घेतोय! मी रांगेत आहे!"

दाढेनं आतून अशी कळ मारली की बाईंना ब्रह्मांड आठवलं. राहिले चारच, समोर उभेच आहेत, जातात कुठे! "आलेच हं!" म्हणत तिनं पॅड पायरीवर ठेवलं आणि मागच्या बोळातून चर्च गाठलं.

बेरिलमागे ती उभी राहिली. रांग ढिम्म!

"पुढे कोण बसलंय कोण जाणे," बेरिल करवादली.

"चहा ढोसायला गेली असेल मेली!" ग्लेनिस ठणकावून म्हणाली. "असल्यांना कामावर ठेवतं तरी कोण!"

मग पुढून निरोप आला, माणसामाणसांतून, अगदी शांतपणे. नावं घेणारी बाई पायरीवर पॅड टाकून पळाली. खाटकाशेजारच्या बंद दुकानाच्या दारातून.

ग्लेनिसनं घड्याळ पाहिलं. पाच वाजायला पाच मिनिटं! ती जीव खाऊन पुढे धावली. बेकरीपाशी एका छत्रीनं तिला अडवलं.

"बाई, रांग मागे आहे."

"अहो, मीच ती! मी गेल्याशिवाय रांग हलायची नाही!"

"सगळे असंच म्हणतात!"

तिनं ओळखपत्र काढून नाचवलं.

"वशिला लावतेय बघा!" मागून कुणीतरी म्हणालं. कुणी आरडाओरडा केला नाही. सगळ्यांनी फक्त जिभेनं "च्च" केलं.

आता, नोकरी गेलेली माणूस सोसतो. पण रांगेत घुसणारी म्हणून अख्ख्या ब्रॅडक्लफचं "च्च" कोण सोसणार? ग्लेनिस कानापर्यंत लाल झाली, "सॉरी, सॉरी" म्हणत परत फिरली.

बेरिलमागे, तिच्या जागेवर, लंडनचा कोट घालून ट्रिस्टन उभा होता. चर्चच्या घड्याळात पाचचे टोले पडायला लागले.

"ग्लेनिस! झाले चाळीस?"

"त्याचं काय झालं साहेब..."

"ते राहू दे गं!" साहेबानं गाल दाबत तिला थांबवलं. "आधी सांग, हा डॉक्टर बाहेरगावचे पेशंट घेतो का? लंडनमध्ये दोन वर्षं झाली, नंबरच लागत नाही!"

पोटातलं मत ओठांवर आणणाऱ्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं मत पोटात ठेवलं.

"घेतो म्हणे," ती म्हणाली, आणि दोन हात अंतर राखून साहेबाच्या मागे उभी राहिली.