मामाच्या गालाची पूर्वतयारी

दाढी ही निसर्गाने पुरुषाकडे सोपवलेली आणि रोज परत करावी लागणारी ठेव आहे. ती तो कशी परत करतो, यावरून त्याची संस्कृती ओळखावी. डिलाईल रोडच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वैभवची संस्कृती परवापरवापर्यंत चार मिनिटांत उरकत असे (त्यातलं दीड मिनिट टॉवेल शोधण्यात).

मग एका रविवारी त्याने सात महिन्यांच्या भाचीचा पापा घेतला, आणि भाचीने असा टाहो फोडला की समोरच्या चाळीतल्या खिडक्या उघडल्या. तिचा गाल लालबुंद झालेला.

"दादा, गाल आहे की काथ्याचं पायपुसणं?" बहीण अपेक्षा म्हणाली. "पुढच्या रविवारी इथेच उष्टावण आहे. असाच समोर आलास तर पहिला घास निमेशमामा भरवेल, आधीच सांगून ठेवते."

निमेश हा चुलतभाऊ. तिशी उलटली तरी त्याच्या हनुवटीवर एकूण चौदा केस आहेत (मोजणी अपेक्षाची). सख्ख्या मामाचा मान चौदा केसांच्या मामाकडे जाणार, म्हणजे चाळीत तोंड दाखवायला जागा नाही, मग ते तोंड कितीही गुळगुळीत असो.

वैभवने आठवडाभर मोबाइलवर अभ्यास केला. एकशे सात व्हिडिओंअंती (त्यांतल्या एकाही जाणकाराच्या मांडीवर मूल नव्हतं) कार्यपद्धती निश्चित झाली. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तीन मिनिटं तोंडावर ठेवणे. ब्रश भिजवून, झटकून साबणावर फिरवणे. फेस दह्यासारखा व्हावा, ताकासारखा नव्हे. ब्लेड गालाशी तीस अंशांत धरणे आणि जोर अजिबात न देणे, रेझरचं वजन पुरतं. पहिला हात केसांच्या दिशेने. पुन्हा फेस. दुसरा आडवा. पुन्हा फेस. तिसरा उलटा, तोही मन शांत असेल तरच. शेवटी गार पाणी आणि तुरटी.

पद्धतीत खोट काढायला जागा नाही. घरात मात्र मोरी एक आणि शेगड्या दोन.

मुहूर्त अकरा ते साडेअकरा. वैभव नऊ वाजता मोरीत गेला. एका शेगडीवर टॉवेलचं पाणी, दुसरीवर ब्रशचं. खिरीचं दूध ओट्यावर झाकून ठेवलेलं, आपली पाळी येईल या आशेवर. खीर खायची म्हणून बाळाला सकाळी दूधही बेताचंच पाजलेलं.

दहा वाजता वैभवच्या तुळशीदास आजोबांनी मोरीत डोकावून पाहिलं. आजोबांनी चौतीस वर्षं मिलच्या भोंग्याआधी थंड पाण्याने दाढी केली. पण सध्या श्रावण पाळत असल्याने त्यांची सतरा दिवसांची पांढरी दाढी वाढली होती, त्यामुळे या विषयात त्यांचं मत ग्राह्य धरलं गेलं नाही.

"काय रे, दाढी करतस काय भिंत रंगवतस?"

"आजोबा, दुसरा हात चाललाय. बोलायला लावू नका, कोन बदलतो."

खीर अकरा वीसला उतरली. अकरा पंचविसाला वैभव बाहेर आला. चेहरा असा, की माशी बसली असती तर घसरली असती.

बाळ आजोबांच्या मांडीवर होतं. दोन्ही मुठींत पांढरी दाढी, आणि खिदळणं चाललेलं. वैभवने तिला उचललं. तिने त्याच्या गालावरून एकदा हात फिरवला, पुन्हा फिरवला, काहीच हाताला लागेना, आणि टाहो फोडला. निमेश पुढे सरसावला. चौदा केस जवळून पाहताच टाहो दुप्पट झाला.

"अरे, चेडवाक भूक लागली हा!" आजोबा ओरडले. "भरव मरे!"

वैभवने घाबरत चांदीचा चमचा तिच्या तोंडाशी नेला.

टक्.

अपेक्षाने बोटाने हिरडी चाचपली. "दादा, दात! दात येतोय! म्हणून गाल लाल होता रे!"

बाळाने खीर मिटक्या मारत संपवली आणि मान सख्ख्या मामाकडेच राहिला. वैभवची दाढी निर्दोष सुटली. तेव्हापासून तो तीन-तीन दिवस दाढी करत नाही, कारण शिवशिवणारी हिरडी घासायला भाचीला मामाची हनुवटीच लागते.

ही हकिगत चाळीत अनेकांना सांगून झाली. ऐकणाऱ्यांपैकी नव्वद टक्के लोक मधेच स्वतःच्या गालावरून हात फिरवतात (उरलेले घरी जाऊन). ब्लेड किती अंशांत धरायचं, हे एव्हाना तुम्हालाही पाठ झालं असेल.

आता बाळाचं नाव सांगा. नाही ना येत? अहो, पण तुम्ही विचारलंत कधी?