हिल्डरबाईंच्या रेडिएटरचा घटनात्मक प्रश्न

न्याय द्यायचा तर तो आधी नीट समजून घ्यावा लागतो, आणि समजून घेणाऱ्यांना घाई करून चालत नाही. हे तत्त्व अमेरिकेत सगळीकडेच मानतात. पण मिनेसोटातल्या डुलूथ गावी, जिथे जानेवारीत लोक गोठलेल्या तळ्यावर गाडी उभी करून मासे धरतात, तिथे ते जितकं निष्ठेने पाळलं गेलं तितकं क्वचितच कुठे पाळलं गेलं असेल.

हिल्डर टुओमी या शाळेच्या बसच्या निवृत्त चालक. गृहमंडळाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहतात. त्यांच्या खोलीतला रेडिएटर, म्हणजे तळघरातल्या बॉयलरच्या गरम पाण्यावर खोली तापवणारा लोखंडी सांगाडा, दोन हिवाळे बंद होता. भाडेकरूला पुरेशी ऊब मिळाली पाहिजे, असा राज्याचा कायदा आहे. त्यावर गृहमंडळाने नियम केला, की तळघरातला बॉयलर गरम असेल तर इमारतीत सर्वत्र पुरेशी ऊब आहे असं समजण्यात यावं. बॉयलर गरम होता. (कामकाजाच्या वेळेत खाली जाऊन त्याला हात लावून पाहण्याची मुभा सर्व भाडेकरूंना होती.) हिल्डरबाईंनी तरीही दावा लावला.

विद्यापीठातले कायद्याचे तरुण प्राध्यापक मेरिल ऑस्गुड यांच्या हाती या दाव्याचे कागद आले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. नोकरी कायम व्हायची तर त्यांना एक मोठा लेख हवा होता, आणि इतकी निर्मळ थंडी, जिच्यात दुसरा कुठलाच मुद्दा मिसळलेला नाही, आजवर कुणाला सापडली नव्हती.

या विषयात विद्वानांचे तीन पंथ आहेत. पहिला मूळ अर्थवाल्यांचा. हे फार सोवळे. कायदा झाला त्या साली लोक ‘पुरेशी ऊब’ कशाला म्हणत, तेवढंच ते मानतात; आणि त्या काळी लोक घरातही लोकरीचे कपडे घालून बसत, असं त्यांनी जुन्या कॅटलॉगांवरून सिद्ध केलं आहे. दुसरा पंथ म्हणतो, ऊब हा तज्ज्ञांचा विषय. गृहमंडळ सांगेल ती ऊब. तिसऱ्याच्या मते हे न्यायाधीशांनी स्वतःच्या बुद्धीने ठरवावं. (न्यायाधीशांच्या दालनात शेकोटी आहे.) ऑस्गुड तिसऱ्या पंथाचे. दुसऱ्या पंथाच्या प्राध्यापिका अ‍ॅगाथा प्रिचर्ड यांच्याशी त्यांचं छापील वैर होतं. समोरासमोर दोघं फक्त हवापाण्याचं बोलत.

नोव्हेंबरात परिसंवाद भरला. सभागृह इतकं तापलं होतं की वक्त्यांनी कोट काढून ठेवले. हिल्डरबाईंना पहिल्या रांगेत मानाची खुर्ची दिली होती. त्यांना पहिल्या दहा मिनिटांतच गाढ झोप लागली. त्यांच्या या संयमाचा तिन्ही पंथांनी गौरवाने उल्लेख केला.

पण गृहमंडळाच्या वकिलांना एक नामी युक्ती सुचली. रेडिएटर दुरुस्त केला की तक्रार उरत नाही. तक्रार नाही तर दावा नाही. आणि दावा नाही तर नियम जिथल्या तिथे. सबब त्यांनी लायल नावाचा मिस्त्री पाना घेऊन धाडला. ऑस्गुड तेव्हा टिपणं घ्यायला हिल्डरबाईंच्याच सोफ्यावर बसले होते. अंगावर कोट, डोक्यावर टोपी.

“वॉल्व्ह अडकलाय, बाई, दुसरं काही नाही,” लायल दारातूनच म्हणाला. “तुमची कॉफी होईस्तोवर होतंय बघा.”

“ये की बाबा, ये. इतके दिवस कुठं होतास?”

ऑस्गुड ताडकन उठले. “हिल्डरबाई, थांबा! आज हा तापला तर दावा संपला. मग राज्यातल्या बाकीच्या भाडेकरूंचं काय?”

“त्यांच्याकडेही लायललाच पाठवा.”

“मी एकटा कुठं कुठं पुरणार?” लायल म्हणाला.

“प्रश्न तत्त्वाचा आहे,” ऑस्गुड म्हणाले. खात्री व्हावी म्हणून त्यांनी प्रिचर्डबाईंना फोन लावला. दुरुस्ती होता कामा नये, असंच त्यांचंही मत पडलं. दोन पंथांचं एकमत होण्याचा हा पहिलाच प्रसंग.

हिल्डरबाईंनी कॉफी ओतून ऑस्गुडांपुढे ठेवली. “मी इतकी वर्षं बस चालवली, पण एकाही पोराला वाटेत सोडून पुढे गेले नाही,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांना ऊब मिळेल ना पण नक्की?”

“आमच्या पंथाच्या मते, हो.”

“आणि दुसऱ्यांच्या?”

ऑस्गुडांनी कॉफीचा घोट घेतला.

“जा रे बाबा लायल,” हिल्डरबाई म्हणाल्या. “आज घरी तत्त्व आलंय.”

मार्चमध्ये निकाल लागला. भाडेकरूने चालून आलेली दुरुस्ती नाकारली, त्यामुळे आता सोसावी लागणारी थंडी ही तिची स्वतःची आहे. आणि स्वतःच्या थंडीबद्दल कुणालाही दावा लावता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पुरेशी ऊब म्हणजे काय, यावर मत देण्याची आवश्यकता उरली नाही. गृहमंडळानेही तक्रार ‘भाडेकरूची अनिच्छा’ या सदरात निकाली काढली.

विद्वानांत आनंदीआनंद झाला. स्वतः ओढवून घेतलेली थंडी हे एक नवं क्षेत्रच खुलं झालं होतं. ऑस्गुडांचा लेख दोनशे पानांवर गेला, नोकरी कायम झाली, आणि पहिल्याच तळटीपेत त्यांनी ‘एका भाडेकरूचे’ मनःपूर्वक आभार मानले.

पुढच्या हिवाळ्यात हिल्डरबाईंनी हातमोजे घालूनच फोन फिरवला. “प्रोफेसर, मग बाकीच्यांना मिळाली का हो ऊब?”

“प्रश्न खुला राहिला, हिल्डरबाई! आमच्या क्षेत्रात याहून चांगलं काही घडत नाही.”

“आणि माझा रेडिएटर?”

“त्यावरच लिहितोय.”

आता तीन पंथांत बरोबर कोण, हे सांगायचं राहूनच गेलं, अशी रुखरुख काही वाचकांना लागली असेल. लायलला परत कुणी बोलावलं का, हे विचारायचं त्यांच्या मनात आलं नसेल, तर त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. विद्वत्तेची सुरुवात अशीच होते.