बसप्पाचं शेवाळ

बसप्पा हसला की दात हिरवे दिसतात. पान न्हाई, गुटखा न्हाई. गडी शेवाळ खातो. आमच्या उदगीरात म्हशीसुद्धा शेवाळाचं पाणी हुंगून मागं फिरतात, पण ह्यानं मोबाइलवर बघून गच्चीवरच्या टाकीत ते पोसलं. दिवसभर फळीनं ढवळायचं, धोतराच्या फडक्यातून गाळायचं, शेवयांसारखं पाडून बाजेवर वाळवायचं, मग मिक्सरात दळायचं. वास असा मासळीसारखा, की गल्लीतली सगळी मांजरं ह्याच्या जिन्यात. अन् बसप्पा पक्का लिंगायत, कांदासुद्धा जपून खाणारा!

"अंगात फौज उभी ऱ्हाते, मामा," हे त्याचं पालुपद. सर्दीला फौज, गुडघ्याला फौज.

"त्या फौजेला खायला कोण घालंल रं?" मी म्हणायचो.

लोक टाळायला लागले तशी त्यानं युक्ती काढली. सकाळी लिंगपूजा झाली की तीर्थातच चिमूटभर हिरवं कालवायचा. तीर्थाला न्हाई कोण म्हणंल? मी न्हाई म्हणलो. माझ्या पोटात काय जावं हे मी ठरवतो.

त्याची बायको नागम्मा मात्र रोज ओंजळ पुढं करायची. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. बसप्पानं आपली एक दिली होती. तवापासून तिला घड्याळ लावून गोळ्या. आम्हाला विचारल्याबगर दुसरं औषध द्यायचं न्हाई, असं डॉक्टरनं बजावलं होतं.

"हे औषध कुठं हाय? तीर्थ हाय," बसप्पा म्हणायचा.

पुढं तिच्या पायावर सूज आली. ह्यानं चिमटीचा चमचा केला.

सूज उतरंना, तवा लातूरला नेलं. मी सोबत होतो. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "गोळ्यांशिवाय काय देता?" बसप्पानं ऐटीत पुडी काढली. "फौज उभी करायलो, बाई."

बाईनं पुडी उघडून हुंगली. मग म्हणाली, "काका, दुसऱ्याची किडनी शरीराला परकी वाटते. अंगातली फौज तिच्यावरच तुटून पडते. म्हणून तर गोळ्या देऊन त्या फौजेला झोपवून ठेवतो आम्ही. आणि तुम्ही तिला उठवायला निघालात?"

"परकी कशी?" बसप्पा म्हणाला. "माझी हाय ती."

मी विचारलं, "ह्याच्यानंच झालं का?"

"तसं ठाम सांगता येत नाही. पण द्यायला नको होतं."

ठाम सांगितलं असतं तर बरं झालं असतं. एकदाच रडून मोकळा झाला असता गडी.

किडनी गेली. टाकी त्यानं स्वतःच्या हातानं फोडली. आता आठवड्यातून तीनदा नागम्माला मशीनवर घालायला लातूर. मी जमंल तसा जातो. नागम्मा त्याला एक वाकडा शब्द बोलत न्हाई. मलाच म्हणाली, "तुमी बी बोलू नका, मामा. जेवत न्हाईत ते."

परवा दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर बसप्पा हळूच म्हणाला, "मामा, तुमी इचारा बाईला. म्या इचारलं की रागावती."

"काय इचारू?"

"माझी दुसरी चालंल का म्हणून."

"अन् तू रं?"

"माझं काय? माझं बघू की."

मी कुणाच्या सांगण्यावरून उठणारा माणूस न्हाई. तरी उठलो. बाईच्या दारापर्यंत गेलो, तिथल्या माठातलं पाणी पिलो अन् परत आलो.

"न्हाई म्हणाली," मी सांगितलं.

बसप्पानं मान हलवली. "ऱ्हाऊ द्या. पुढच्या खेपेला परत इचारू."