नळ आला त्या दिवशी मतदान होतं

वेळ सकाळी पावणेआठची. ठिकाण बाळापूरच्या पुढे, खारपाण पट्ट्यातलं एक नगरपंचायतीचं गाव. (नाव छापत नाही, तिथे पुन्हा बातमीला जायचं आहे.) मतदान सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली होती आणि सुगतराव वानखडेंच्या अंगणात नळ आला.

नळ येणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. इथल्या बोअरचं पाणी खारं, त्यात डाळ शिजत नाही. गोडं पाणी नळाचं, आणि नळ आठवड्या-दहा दिवसांनी, तोही पाऊण तास. याच प्रश्नावर शेजारच्या बुधाजींची पिंकी मावळत्या नगरसेवकाविरुद्ध अपक्ष उभी होती. तिच्यासाठी सुगतरावांची बायको प्रणाली महिनाभर दारोदार फिरली होती.

सुगतराव नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट घालून ते दारात तयार होते.

“तू भर, मी जाऊन येतो पटकन. मंग तू जाय.”

“पटकन म्हंजे पटकन. तिथी भाषण नोका देऊ.”

त्यांनी भाषण दिलं. शाई लागलेल्या बोटाचा फोटो काढून सगळ्या ग्रुपांवर टाकला, टपरीवर तीन अनोळखी पोरांना धरून मताचं मोल समजावलं (पोरं त्या प्रभागातली नव्हती) आणि साडेदहाला घरी आले. नळ चालूच होता.

असं त्या गल्लीत कधी घडलं नव्हतं. ड्रम, हंडे, कुकर, कुलरची टाकी, सगळं भरून प्रणाली आता डब्यांची झाकणं काढत होती.

“जाय ना आता.”

“चालता नळ टाकून? बंद झाला का जाईन.”

भिंतीपलीकडून चतुराबाई म्हणाल्या, “मी बी त्याचीच वाट पाहून राहिली.”

गल्लीतल्या बाया त्या दिवशी नळ जायची वाट पाहत होत्या, आणि नळ जात नव्हता. दुपारी पिंकी स्वतः आली. डोळे रडवेले झाले होते तिचे.

“काकू, चला ना. पाण्यासाठीच तं उभी आहो मी.”

“अवं, तेच तं भरून राहिलो बाई.”

पिंकी पुढच्या दारी गेली. तिथेही बादली वाजत होती.

पाच वाजता सुगतरावांना कर्तव्याची आठवण झाली. “जाय तू. मी मोटर लावून वरच्या टाकीत पाईप सोडतो.”

“पाईप धरून ठेवजा. उडते तो.”

“पस्तीस वर्षं पोरं सांभाळली मी, एक पाईप नाही सांभाळत?”

प्रणाली पदर खोचून निघाली. सुगतरावांनी पाईप टाकीत सोडला, मोटर लावली आणि फोन पाहिला. बोटाच्या फोटोला चोपन्न जणांनी अंगठे दाखवले होते. प्रत्येकाला ‘धन्यवाद’ लिहिणं भाग होतं. एकविसाव्या धन्यवादाला पाईप टाकीतून उडाला आणि धाब्याच्या, म्हणजे सपाट छताच्या, झरोक्यातून थेट स्वयंपाकघरात शिरला.

प्रणाली गल्लीच्या तोंडाशी पोचली होती. मतदान केंद्र असलेल्या शाळेचं फाटक समोर दिसत होतं. तेवढ्यात चपलांना ओल लागली. मागून पाणी आलं होतं, आणि त्यावर तिच्याच घरच्या सुक्या मिरच्या तरंगत होत्या. तिने एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा मिरच्यांकडे, आणि मागे फिरली.

साडेपाचला मतदान केंद्राचं फाटक लागलं. पाच पस्तीसला नळ गेला.

पिंकी नऊ मतांनी पडली. गल्लीतल्या निम्म्या बायांची बोटं कोरी होती. प्रणाली दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही, ओल्या गाद्या धाब्यावर नेताना फक्त एवढंच म्हणाली, “तुमच्या बोटाचा फोटो चांगला आला.”

तेव्हा कुठे सुगतराव नगरपंचायतीत गेले.

“मतदानाच्या दिवशी आमच्या गल्लीत दिवसभर पाणी कोणी सोडलं?”

पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी मानही वर केली नाही. “त्या दिवशी तुमच्याकडे पाणी सोडलंच नव्हतं.”

“मंग माह्या घरात काय घुसलं?”

“ते तुम्ही पाहा.”

घरी येऊन सुगतरावांनी संतापाने भिजलेल्या घराचे फोटो, वार आणि वेळेसह, त्याच ग्रुपांवर टाकले. चार दिवसांनी नगरपंचायतीचा शिपाई दारात आला. त्याच फोटोंच्या आधारे, मतदानाच्या दिवशी नळाचं पाणी रस्त्यावर सांडल्याबद्दल वानखडेंना नोटीस होती.

“म्हंजे पाणी आलं होतं,” प्रणाली म्हणाली.

शिपाई सही घेऊन निघून गेला.

व्हॉल्व्ह सोडणारा मोतीराम त्या दिवशी सकाळपासून मतदान केंद्रावर ड्युटीला होता. व्हॉल्व्हची चावी ऑफिसात खिळ्याला टांगलेली असते. ती तिथून कोणी काढली, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.