पिवळ्या रेषेपलीकडचा डबा

अणुवीज केंद्राच्या कचराकोठाराच्या दाराशी जमिनीवर एक पिवळी रेषा आहे. रेषेच्या अलीकडे माणूस शिंकतो, चहा पितो, साहेबांच्या नकला करतो. पलीकडे जायचं तर पांढरा झगा, हातमोज्यांचे दोन जोड आणि छातीवर किरणं मोजणारा बिल्ला लागतो. अलीकडे असतं ते सामान. पलीकडे उरतो तो कचरा, आणि कचरा परत येत नाही. नियम एका वाक्यात मावतो, म्हणून केंद्रात त्याला फार जपतात.

तर ही रेषा पुसट झाली होती आणि बाहेरून तपासनीस यायचे होते. वापरलेल्या इंधनातला तुकडाही कोणी भलत्या कामाला पळवलेला नाही ना, हे बघायला ते दरवर्षी येतात. रेषा रंगवायचा हुकूम सुटला. रंगाऱ्याला जुन्या रेषेवर एक बाक आडवं आलं. बाक हलवायला तीन सह्या लागतात, रेषा हलवायला एकही लागत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. त्याने रेषा दीड हात अलीकडून ओढली आणि तो जेवायला गेला.

त्या दीड हातात डबे ठेवायची फळी होती. बाकीचे बारालाच जेवून मोकळे झालेले. कोठारातल्या पिंपांच्या नोंदी ठेवणाऱ्या नोंदबाई एक वाजता जेवत. त्या हात पुसत आल्या, तर फळीसमोर किरणं मोजायचं मीटर घेऊन मीटरवाला उभा.

"बाई, हात लावू नका."

"माझा डबा आहे तो."

"होता. आता आत आहे."

"अरे, तो जागचा हलला तरी आहे का? रेषा हलली."

"ते मलाही दिसतंय. पण माझं काम रेषेपासून सुरू होतं."

त्याने डब्याला मीटर लावलं. मीटर मुकं.

"बघ, वाजत नाही. दे इकडे."

"न वाजून काय होतंय? वस्तू बाहेर काढायला ती आत गेल्याची नोंद लागते. खायची वस्तू आत न्यायला बंदी, म्हणजे तशी नोंद असणार नाही. जो आत गेलाच नाही तो बाहेर कसा येईल?"

हे कलम अकरा वर्षांपूर्वी नोंदबाईंनीच लिहून दिलं होतं, आणि साहेबांनी तेव्हा त्यांचं कौतुकही केलं होतं.

भूक मेली तरी चाललं असतं; डबा साधा नव्हता. नोंदबाईंचे यजमान याच केंद्रात पंपांवर होते. सायकलवरून पडले तेव्हा त्यांच्या गुडघ्याला आणि डब्याच्या बुडाला एकदमच पोचा आला. नऊ वर्षांपूर्वी दुपारी कामावरच त्यांच्या हृदयाने दगा दिला. त्या संध्याकाळी डबा घरी आला, माणूस आला नाही. तेव्हापासून सासूबाई रोज तोच डबा सुनेला भरून देत आणि दिवेलागणीला घरच्या फळीवरचे डबे मोजत. सात डबे. तपासनीस वर्षातून एकदा मोजत, सासूबाई रोज.

त्या दिवशी सहाच भरले.

"आमचा कुठे आहे?"

"राहिला ऑफिसात, आई."

"राहू दे. उद्या आण. तोवर मी डबा भरणार नाही. दुसऱ्या डब्याला माझा हात वळत नाही."

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. भारी सभ्य माणूस. दारालासुद्धा नमस्कार करील असा. त्यांनी तळ्यातल्या इंधनाच्या कांड्या मोजल्या, पिंपं मोजली. चारशे बारा, यादीबरहुकूम. निघता निघता त्यांची नजर फळीवर गेली.

"ते झाकणाचं गोल भांडं यादीत नाही."

साहेबांनी यादी पुन्हा वरून खाली पाहिली. कमी भरलं तर सांगता येतं, मोजताना चूक झाली. जास्त भरलं तर आलं कुठून, हे सांगावं लागतं.

"आत काय आहे?"

भाजी म्हणावं तर भाजीला बंदी. "सेंद्रिय पदार्थ," साहेब म्हणाले.

तपासनिसांनी मान डोलावली, खिशातून तार काढली, डब्याच्या कडीतून ओवली आणि सील ठोकलं. चालू वर्षातलं सर्वांत निर्दोष सील तेच होतं.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका," साहेब नंतर म्हणाले. "इतकी सुरक्षित वस्तू आपल्या केंद्रात दुसरी नाही."

डब्यावर कॅमेरा ठेवणं आलं. जादा कॅमेरा नव्हता, म्हणून इंधनाच्या तळ्यावरचा काढून इकडे लावला. तळं कुठे पळून जाणार होतं?

चौथ्या दिवशी भाजीने आपला धर्म पाळला. झाकण तांदळाच्या दाण्याएवढं उचललं गेलं. कॅमेऱ्याने हालचाल टिपली. मीटरवाल्याने लांब काठीला तापमापक बांधून लावला: भोवतालच्या हवेपेक्षा दोन अंश जास्त. साहेबांनी समिती बसवली. समितीने लिहिलं: 'सदर वस्तू स्वतःहून उष्णता व वायू निर्माण करते. वासही येतो. किरणं आढळत नाहीत, ही बाब अधिक चिंताजनक असून वस्तू ती लपवत असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' तो आत ठेवायची मुदत ठरवायला कोणी धजेना, म्हणून तक्त्यातली सर्वांत मोठी लावली. तीनशे वर्षं. नोंदबाईंनी स्वतःच्या अक्षरात नोंद केली: पिंप क्रमांक चारशे तेरा, प्रकार: लहान.

घरी त्यांनी शेवटी खरं सांगून टाकलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडे लोकांना बोलावून सगळं दाखवतात, तो दिवस कधी?"

त्या दिवशी सासूबाई इस्त्रीचं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या. साहेबांनी चित्रं दाखवली, सगळं कसं निर्धोक आहे ते सांगितलं आणि कोणी विचारणार नाही या खात्रीने म्हणाले, "काही शंका?"

"माझा डबा तुम्ही तीनशे वर्षं ठेवणार म्हणे. मग उघडणार कोण?"

"त्या वेळी जे कोणी असतील ते, आजी."

"त्यांना विचारलंय?"

"ते अजून जन्मले नाहीत."

"म्हणजे विचारलं नाही. मग घासणार कोण?"

साहेबांनी 'जनतेची सूचना' असं लिहून घेतलं. पण नोंदबाई उठल्या आणि त्यांनी पिंप क्रमांक चारशे तेराचा कागद सासूबाईंच्या हातात दिला. त्यावर तळाशी एक रकाना होता: 'राखणदार: मुदत संपेपर्यंत स्वतः, पश्चात मुलं-नातवंडं.' रकाना कोरा होता.

"इथे सही का नाही?"

"कोणी करत नाही, आजी," साहेब म्हणाले. "तीनशे वर्षांची जबाबदारी कोण घेणार?"

"मुलगा गेला. सून आहे, नात आहे. आण गं पेन."

त्यांनी चष्मा सारखा केला आणि वळणदार सही केली. केंद्र सुरू झाल्यापासून त्या रकान्यात पडलेली ती पहिली सही. मग नोंदबाईंनी मागचं पान उलटून वाचून दाखवलं: राखणदार मिळताच वस्तू त्याच्या ताब्यात द्यावी, सील मात्र तुटता कामा नये. हे कलमही त्यांचंच. तेव्हा राखणदार कधी मिळेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, म्हणून कोणी हरकत घेतली नव्हती.

डबा सरकारी गाडीतून घरी आला. मीटरवाला उतरवायला आला होता, त्याने जाता जाता नाकावरचा रुमाल काढला आणि म्हणाला, "आजी, जपून. धोकादायक आहे."

"माहीत आहे. दोन आठवड्यांची भाजी आहे." सासूबाईंनी सीलच्या तारेखालून हळूच फडकं फिरवलं, पोच्यावरून जरा जास्त वेळ फिरवलं आणि डबा फळीवर ठेवला. दिवेलागणीला मोजले. सात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा, आठवा डबा सुनेला भरून दिला. हात वळला.

प्रकरण इथे मिटलं असतं. पण साहेबांच्या मनात एक प्रश्न घर करून बसला: एक कागद भरला गेला, मग बाकीचे चारशे बारा कोरे का? ते स्वतः सासूबाईंकडे गेले. तुम्ही अनुभवी आहात, म्हणाले, उरलेल्या पिंपांनाही सही द्या.

"माझ्या डब्याची दिली. ती पिंपं कोणाची?"

"लोकांची. त्यांच्याच विजेपायी साठलीत."

"मग त्यांच्याकडे जा की."

साहेबांना हे पटलं. सूचना लेखी मागवून त्यांनी ती मंजूरही केली. आता कागद घरोघर निघाले आहेत, मागे कलमांचं पान जोडलेलं, रकाना मोकळा. एवढे पत्ते कुठून काढायचे, असं टपालवाल्याने विचारलं, तर नोंदबाई म्हणाल्या, पत्त्याचं काय, दिवा लागलेला दिसेल तिथे टाकायचा.

तुम्ही हे कशाच्या उजेडात वाचताय?