फ्रीजमधली हार्ड डिस्क

“कॉम्प्युटर ना? अहो आई, तो तर माझ्या डाव्या हातचा मळ!”

जावईबापू सासूबाईंना असं म्हणाले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. साडेअकराला ते सासूबाईंच्या फ्रीजमध्ये काहीतरी लपवत होते. मधल्या अर्ध्या तासात या भल्या माणसाने कोणाचंही वाईट केलं नाही. ते फक्त मदत करायला गेले!

लग्नाला चारच महिने झाले होते आणि सासरी मुक्कामाला येण्याची ही पहिलीच वेळ. लग्न ठरताना ‘मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे’ असं सांगितलं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. एका मोठ्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले की खोकी मोजून सही करायचं काम त्यांच्याकडे होतं. खोकी उघडायला वेगळा माणूस होता. हा बारकावा सासूबाईंच्या कानावर गेला नव्हता, आणि तो घालायची जावईबापूंना काही घाई नव्हती.

सासरे निवृत्त मुद्रितशोधक. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेला, म्हणून म्हातारपणी त्यांनी स्वतःचा कोश लिहायला घेतला. घराघरांत बोलले जाणारे, पण छापील कोशांत न सापडणारे शब्द. एकोणीस वर्षांत अकरा हजार शब्द जमले. ते सगळे मागच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरात होते. दुसरी प्रत कुठेही नाही. पिवळा पडलेला तो डबा दिवसभर घुंघुं करायचा आणि मध्येच सुपारी फोडल्यासारखा कटकट वाजायचा. सोमवारी प्रकाशक कोश न्यायला येणार होते. आज होता शनिवार.

नेमकी आजच सासऱ्यांची दाढ काढायची होती. मुलगी त्यांना घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गेली. सासूबाई स्वयंपाकघरात, जावईबापू रिकामे. रिकाम्या जावयाला सासरी फार अवघडल्यासारखं होतं! म्हणून त्यांनी मागच्या खोलीतली धूळ पुसायला घेतली.

भिंतीवर, खिडकी आणि कॉम्प्युटर यांच्या बरोबर मध्ये, सुवाच्य अक्षरात कागद चिकटवला होता : ‘बंद करू नये.’

“बाबांना मोकळी हवा आवडते वाटतं,” जावईबापू म्हणाले. खिडकी त्यांनी मोठ्या आदराने उघडीच ठेवली. मग पुसताना शॉक बसायला नको म्हणून कॉम्प्युटर बंद केला.

वरून खालून चकचकीत पुसून त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडद्यावर अक्षरं उमटली : हार्ड डिस्क सापडत नाही.

“सापडत नाही म्हणजे? इथेच तर होती!”

पुन्हा बंद, पुन्हा चालू. सापडत नाही. त्यांनी झाकण उघडलं, पट्टीसारखी चपटी वायर काढून परत लावली, उलटी लावून पाहिली, पुन्हा सुलटी लावली. विजेचा दुसरा प्लग जोडला. डिस्कला कान लावला, तर आत शुकशुकाट. ना घुंघुं, ना कटकट. अकरा हजार शब्द, आणि एकाचाही आवाज नाही!

त्यांनी ऑफिसातल्या त्या खोकी उघडणाऱ्या माणसाला फोन लावला.

“किती वर्षं चालू होती?” त्याने विचारलं.

“एकोणीस.”

“आणि तुम्ही बंद केली?”

“धूळ होती रे!”

“साहेब, आतली चकती चिकटली असणार. मोटर जोर लावते, पण चकती फिरत नाही. डिस्क बाहेर काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि तासभर फ्रीजमध्ये ठेवा. थंडीने आकसली तर सुटेल.”

“आणि नाही सुटली तर?”

“तर बाहेरगावी एखादं तातडीचं काम काढा.”

जावईबापूंनी चार स्क्रू काढले, विटेएवढी जड डिस्क पिशवीत बांधली आणि चोरपावलांनी स्वयंपाकघर गाठलं. सासूबाईंची पाठ होती. त्यांनी फ्रीज उघडला, पिशवी दुधामागे सरकवली आणि फ्रीज लावून घेतला.

“काय ठेवलंत हो?” सासूबाईंनी वळून विचारलं.

“ते... माझं औषध आहे, आई.”

तोंडातून गेलं ते गेलं!

सासूबाईंच्या हातातला चमचा हातातच राहिला. “औषध? कसलं? आम्हाला कोणी बोललं नाही ते!”

“विशेष काही नाही. फक्त थंड ठेवावं लागतं.”

“साधी औषधं कोणी फ्रीजमध्ये ठेवत नाही! तरीच म्हटलं, सकाळपासून चेहरा असा का उतरलाय! आणि घाम बघा केवढा आलाय. आधी आडवे व्हा बघू!”

“अहो आई, मी ठणठणीत आहे...”

“सगळे असंच म्हणतात!”

पुढच्या पाच मिनिटांत जावईबापू दोन पांघरुणांखाली होते. कपाळावर ओला रुमाल, पायाशी गरम पाण्याची पिशवी. बाहेर सासूबाई मुलीशी फोनवर हलक्या आवाजात बोलत होत्या, पण तो हलका आवाज शेजारच्या इमारतीत ऐकू जाण्याजोगा होता. “तू काळजी करू नकोस, पण लगेच ये! फ्रीजमध्ये ठेवायचं औषध आहे म्हणे. चांगलं विटेएवढं! इतके दिवस लपवलं गं बिचाऱ्यांनी!”

जावईबापू छताकडे बघत हिशेब करत होते. डिस्क थंड व्हायला तासभर. सासरे एकच्या आत येत नाहीत. साडेबाराला उठायचं, पाऊणला डिस्क बसवायची, सासऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवायची वेळच येणार नाही. पण उठायला जावं तर सासूबाई दारात खुर्ची टाकून बसलेल्या. उशी जरा हलली तरी “काय हवंय?” विचारायच्या.

बारा वाजून दहा मिनिटांनी दाराची घंटा वाजली. आजारी जावयाची बातमी ऐकून सासरे दाढ काढल्या काढल्या थेट घरी आले होते!

बायको धावतच आत आली. “काय होतंय तुला? मला का नाही सांगितलंस?” तिचे डोळे भरून आले होते. तिला खरं सांगावं असं जावईबापूंना फार वाटलं, पण तिच्या मागे सासूबाई होत्या, आणि सासूबाईंच्या मागे सासरे. त्यांचा गाल टम्म फुगला होता, तोंडात कापसाचा बोळा. डॉक्टरांनी बजावलं होतं की संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही, नाहीतर रक्त थांबणार नाही. सासरे दारातच थबकले. मान तिरकी करून त्यांनी काहीतरी ऐकल्यासारखं केलं, जावयाकडे एकदा बघितलं आणि ते स्वयंपाकघराकडे गेले.

“अगं आई, गाल शेकायला बाबांना बर्फ द्यायला सांगितलाय,” बायको म्हणाली.

फ्रीज उघडल्याचा आवाज आला. जावईबापू ताडकन उठून बसले. सासूबाईंनी त्यांना परत आडवं केलं.

सासरे बाहेर आले तेव्हा त्यांच्या गालाशी नॅपकिनमध्ये गुंडाळलेली, विटेएवढी एक वस्तू होती. ते आरामखुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

“बाबा, ते... तेवढं नका...” जावईबापूंनी पलंगावरून हात पुढे केला.

“अहो, तुमचं औषध आहे ना ते!” सासूबाई कळवळल्या. “स्वतःच्या दुखण्यात दुसऱ्याचं औषध काय घेऊन बसलात!”

सासऱ्यांनी एक बोट वर करून सगळ्यांना गप्प केलं. एकोणीस वर्षांचा कोश गालाशी धरून ते हळूहळू खुर्चीत झुलत होते. जावईबापूंचा जीव त्या झोक्याबरोबर वरखाली होत होता. पिशवीत पाणी सुटलं तर? नॅपकिन निसटला तर? ‘अ’पासूनचे सगळे शब्द या फरशीवर फुटले तर? इतकी भीती त्यांना बोहल्यावरही वाटली नव्हती.

अर्ध्या तासाने सासरे उठून मागच्या खोलीत गेले. जावईबापू पांघरुणासकट मागे धावले, त्यांच्यामागे बायको आणि सासूबाई. सासऱ्यांनी पिशवी सोडली, डिस्क कोरडी पुसली, तळहातावर सपाट धरली आणि कुलपात किल्ली फिरवावी तसा मनगटाला एक झटका दिला. मग वायरी जोडल्या, बटण दाबलं.

घुंऽऽऽ! कट. कट कट.

पडद्यावर अकरा हजार शब्द हजर!

जावईबापूंना खरोखरच रडू आलं. सासऱ्यांनी शांतपणे कागद ओढला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘वीज गेली की वर्षातून चारदा असंच करावं लागतं. घरात पाऊल टाकलं तेव्हाच आवाज बंद आहे हे कळलं.’

“मग तुम्ही ती गालाशी का धरून बसलात?” बायकोने विचारलं.

सासऱ्यांनी पुढची ओळ लिहिली : ‘गार होती. आणि दुखणं थांबेपर्यंत ती जावईबापूंच्या हाती लागायला नको होती.’

सासूबाईंनी कागद दोनदा वाचला. “म्हणजे जावईबापूंना आजार...?”

‘मदतीचा,’ सासऱ्यांनी लिहिलं.

जावईबापू मान खाली घालून सगळं खरं बोलले. खोक्यांवरच्या सहीपर्यंत सगळं! बायको हसून हसून खाली बसली. सासूबाईंनी मुकाट्याने पांघरुणांची घडी घातली. सासऱ्यांनी जावयाच्या पाठीवर थोपटलं. खरं तर प्रकरण इथेच मिटायचं. पण जावईबापूंचा ऊर भरून आला होता, आणि भरल्या उराने ते कॉम्प्युटरकडे दोन पावलं पुढे सरकले.

“बाबा, आता एवढं सुरळीत झालंच आहे, तर मी याची एक कॉपी काढून ठेवू का? पाच मिनिटांचं काम आहे!”

“नको!!” सासरे ओरडले.

कापसाचा बोळा उडून थेट कीबोर्डवर पडला, आणि रक्त सुरू झालं. पुन्हा धावपळ, पुन्हा रिक्षा, पुन्हा डॉक्टर. या खेपेला मात्र सगळं घर गेलं. रिक्षात चौघांची दाटी होत होती, सासूबाई घरी थांबायला तयारही होत्या, पण जावईबापूंना घरी ठेवायचं म्हणताच सासऱ्यांनी एका हाताने तोंडावर रुमाल दाबून दुसऱ्या हाताने त्यांचा दंड घट्ट पकडला आणि त्यांना आधी आत बसवलं.