पडीक जमिनीचा पाहुणचार

"फॉर्म मी भरते," असं मनस्वी म्हणाली, ते काही समाजसेवेच्या ओढीने नव्हे.

देवरूखपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या त्यांच्या वाडीत महिला बचत गटाची मीटिंग भरली होती. सामूहिक परसबागेसाठी तालुक्यातून अनुदान मिळतंय, अशी बातमी गटाच्या अध्यक्ष येसूकाकूंनी आणली होती. त्यांनी अकरा पानांचा फॉर्म सतरंजीच्या मधोमध ठेवला, आणि घरात शिरलेल्या विंचवाकडे बघावं तशा सगळ्या बायका त्याच्याकडे बघत बसल्या. मनस्वीच्या मांडीवर साडेतीन वर्षांची संस्कृती झोपली होती. पायाला मुंग्या येऊन त्या कंबरेपर्यंत पोचल्या होत्या, आणि फॉर्मचं ठरल्याशिवाय कोणी उठणार नव्हतं. एवढ्या एका कारणासाठी तिने अख्ख्या वाडीची जबाबदारी घेतली.

"शिकलेली सून असली की असा फायदा होतो," सासूबाई, म्हणजे सोनूबाई, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. (घरी याच वाक्याचा सूर जरा वेगळा असे.)

जागा होती अंगणवाडीच्या मागची. चार वर्षांपूर्वी बायकांनी तिथे भेंडी लावली होती, आणि नव्याने आलेल्या मनस्वीनेही एका कोपऱ्यात हौसेने काही रोपं. सगळं वानरांनी खाल्लं आणि काठ्याकुट्यांचं कुंपण जाताजाता मोडून ठेवलं. तेव्हापासून तिथे रानमोडीचं तण, दगड आणि हरवलेल्या चपलांचे उरलेले पाय एवढंच होतं. अनुदान मिळालं तर तारेची जाळी आणि पाण्याची टाकी होणार होती, अंगणवाडीतल्या पोरांच्या खिचडीत रोज ताजी भाजी पडणार होती.

"या वेळी नाय झाला तर बायकांना परत गोळा करायची ताकद माझ्यात नाय," येसूकाकूंनी मनस्वीला बाजूला घेऊन सांगितलं. "सगळा तुझ्यावर हाय गो बाय."

झालं. मनस्वीची झोप उडाली. तशी ती संस्कृती झाल्यापासून उडालेलीच होती, पण आता तिला सरकारी कारण मिळालं.

फॉर्मची मुख्य अट होती की जागा किमान तीन वर्षं पडीक हवी. मनस्वीने चार कच्चे कागद फाडून वाक्य पक्कं केलं : 'सदर जागा पूर्णपणे पडीक असून तिथे तणाखेरीज काहीही उगवत नाही.' लोट्याच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या नवऱ्याला तिने ते फोनवर वाचून दाखवलं.

"एवढं लिहिलंस की मलाच जागेची दया आली," गुरुप्रसाद म्हणाला. "माझ्याबद्दल कुठे काही लिहीत नाहीस ना?"

दोन आठवड्यांनी फोन आला. गुरुवारी अकरा वाजता तपासणी. मनस्वीने गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकलं : 'गुरुवारी साहेब जागा बघायला येणार आहेत. सगळ्यांनी तयारीला लागा.' (या मेसेजमध्ये आपलं काय चुकलं, हे ती अजूनही अधूनमधून उघडून तपासते.) तेवढ्यात संस्कृतीला ताप आला. मनस्वी दोन दिवस उंबऱ्याबाहेर पडली नाही. दर वीस मिनिटांनी ताप बघायचा, तो नसला तर थर्मामीटर बिघडला असेल म्हणून स्वतःला लावून बघायचा, यातच तिचे मंगळवार-बुधवार गेले. सासूबाई मधूनमधून कुदळ घेऊन कुठेतरी जात होत्या, पण सासू कुदळ घेऊन जाताना सुनेने चौकशी करायची नसते.

आणि वाडीची पद्धत अशी की मुलगी असो, घर असो नाहीतर म्हैस, बघायला येणाऱ्याला ती विस्कटलेली दाखवायची नाही.

गुरुवारी साडेदहाला मनस्वी अंगणवाडीच्या मागे पोचली आणि तिथेच थिजली.

रानमोडी गायब. लाल माठाच्या रांगा. मिरच्या लगडलेली मिरची, वांगी धरलेली वांगी, अळूची पानं हत्तीच्या कानाएवढी. मांडवावर सोडलेलं पडवळ. वाटेच्या दोन्ही बाजूंना, सत्यनारायणाला उभे करतात तसे, केळीचे दोन खांब. रांगोळी. आणि सात बायका ठेवणीतल्या साड्यांत.

"कसा वाटतंय?" येसूकाकूंनी विचारलं. "सगळ्यांनी आपापल्या परसातलं आणून लावलंय. सोनूबायने तर जिवापाड जपलेली मिरची काढून दिलीन!"

"तुझी लाज जायला नको म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

"काकू," मनस्वी म्हणाली, "त्यांना पडीक जमीन बघायची आहे."

"पडीक बघायला कोण पेट्रोल जाळून येतो?" मथुरा म्हणाली. मथुरा मनस्वीच्याच वयाची, शेजारीण, आणि केळीचे खांब ही तिचीच कल्पना. "त्यांच्याकडे पडीक नाय काय?"

"फॉर्ममध्ये मी लिहिलंय, इथे काही उगवत नाही!"

"असा खोटा कशाला लिवलास?"

"खोटं नव्हतं ते! बुधवारपर्यंत नव्हतं! उपटा! सगळं उपटा!"

बायका आधी हसल्या, मग मनस्वीचा चेहरा बघून पदर खोचून तुटून पडल्या. पण उपटायचं म्हणजे ज्याचं त्याला परत मिळायला हवं.

"ता वांगा माझा हाय!"

"तुझ्या वांग्याला एवढा रंग कधीपासून आला गो?"

"मिरचीला हात लावशील तर बघ!" सासूबाई मिरचीपुढे आडव्या उभ्या राहिल्या. "ती माझी मी काढीन. तिला धसका बसतो."

निम्मी बाग उपटून झाली असेल, आणि वाटेवर मोटारसायकल थांबली. साहेब तरुण होते. हेल्मेट काढून त्यांनी बघितलं तेव्हा सात बायका हातात मुळांसकट झाडं धरून रांगेत उभ्या होत्या. मथुराने झाड हातात असतानाच नमस्कार केला.

"जागा कुठली?" साहेबांनी विचारलं.

"हीच," मनस्वी म्हणाली. "पडीक आहे."

साहेबांनी पडवळाकडे बघितलं. फॉर्मकडे बघितलं. पुन्हा पडवळाकडे. "इथे तणाखेरीज काही उगवत नाही, असं लिहिलंय."

"नाहीच उगवत. हे उगवलेलं नाही साहेब, हे... आलेलं आहे."

"कुठून?"

"घरोघरहून. तुम्ही येणार म्हणून."

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. बुटाला लागलेला चिखल झटकायला ते एका पायावर उभे राहिले आणि आधाराला त्यांनी केळीचा खांब धरला. खांब सत्यनारायणाच्या बेताचाच रोवलेला होता. तो सावकाश, अदबीने झुकला आणि साहेबांना घेऊन लाल माठात आडवा झाला.

"अगो बाय माझी!" येसूकाकू ओरडल्या.

मनस्वीला स्वच्छ दिसलं. जाळी गेली, टाकी गेली, खिचडी गेली, आणि सरकारी माणसाला केळीने पाडल्याची केस झाली तर अटकेतल्या आईबरोबर लहान मुलीला राहू देतात का, इथपर्यंत तिचा विचार पोचला.

साहेब उठून बसले. आधारासाठी धरलेलं वांग्याचं झाड त्यांच्या मुठीतच होतं. ते सहज वर आलं होतं, बुडाला प्लॅस्टिकची पिशवी तशीच. त्यांनी पिशवीकडे बघितलं. मग शेजारचं झाड ओढलं. तेही आलं. आणि साहेब चिखलात बसल्या बसल्या जे हसायला लागले, ते सासूबाईंनी पाण्याचा तांब्या आणला तरी थांबेनात. मग बायका सुटल्या. मथुरा तर खाली बसूनच हसत होती.

चहा-पोह्यांनंतर साहेबांनी अहवालात लिहिलं, 'जागा पडीक आहे. महिला अजिबात नाहीत.' एक अडचण मात्र उरली. "मी आज काढलेले फोटो ऑफिसात दाखवले तर मलाच घरी बसवतील. मोकळ्या जागेचा एक फोटो पाठवा. हिरवं पान दिसता कामा नये. दोन आठवड्यांत."

बायकांनी त्याच दिवशी सगळं परत नेलं. पण परतीच्या पावसाच्या चार सरी आल्या आणि त्या जागेला चेव चढला. तुटलेल्या मुळांतून अळू आला. चिखलात सांडलेल्या बियांतून माठ आला. उपटावं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट. चार वर्षं निपचित पडलेली जमीन नेमकी तिच्या पडीकपणाची गरज असताना तरारून उठली होती. मनस्वी रोज सकाळी जाऊन कोंब उपटायची आणि घरी येऊन रडायची.

तेराव्या दिवशी येसूकाकू तिला हाताला धरून जागेच्या पार पूर्वेच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या. तिथे साताठ हात जमीन अगदी स्वच्छ होती. एक पान नाही, एक कोंब नाही. फोटो तिथलाच काढला, आणि महिन्याभरात अनुदान मंजूर झालं.

"पण तेवढाच तुकडा उघडा कसा राहिला?" मनस्वीने पेढे वाटताना विचारलं.

येसूकाकूंनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी पेढ्याकडे.

"तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाय," अखेर मथुरा म्हणाली. "त्या भेंडीच्या वेळी, आपलं पण काहीतरी असावं म्हणून तू मिरचीची चाळीस रोपं लावली होतीस ना, मोबाइलात बघून बघून? ती हीच जागा."